पंचसाहेबांची सही

फोनवर नुसतं "हॅलो, हॅलो" करणाऱ्या माणसाचा पंचसाहेबांना मनस्वी राग यायचा. हॅलो ऐकू आलं म्हणजे फोन चालतो, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चाचणीचा कॉल लागला की ते पलीकडच्याला विचारायचे, आज सकाळी काय खाल्लंत, कोणी केलं होतं, मीठ बरोबर होतं का. पुरती तीन मिनिटं खरंखुरं बोलणं झालं, दोघांचंही दोघांना नीट ऐकू आलं, की मगच ते रिसीव्हर ठेवायचे आणि कागदावर 'पास' लिहायचे. त्यामुळे दिल्लीतल्या कुठल्या एक्स्चेंजमध्ये कोणाच्या घरी भेंडी झाली आणि कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं, हे त्यांना बसल्या जागी ठाऊक असे.

मी पुण्याहून दिल्लीला गेलो तेव्हा नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पंचसाहेब दूरसंचाराच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आमचे साहेब होते. वर्षानुवर्षं फोनसाठी नंबर लावून बसलेल्यांना आता खासगी कंपन्या फोन देऊ लागल्या होत्या, आणि यमुनेपलीकडे आणि इकडे गुडगावकडे सरसोंच्या शेतांत चार-चार मजली इमारती उठत होत्या. कंपन्यांची यंत्रं निरनिराळ्या देशांतून यायची. ती जागतिक मानकांप्रमाणे आहेत का, आणि आपल्या जुन्या एक्स्चेंजशी बोलतात का, हे तपासून निकाल देणं हे आमचं काम. निकाल देतात म्हणून कुणीतरी त्यांना 'पंच साहब' म्हणायला लागलं आणि तेच नाव चिकटलं. त्यांचं खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

माझ्या पहिल्या चाचणीत पलीकडच्या टोकाला मीच होतो. साहेबांनी विचारलं, काय जेवलास? मी म्हटलं, ब्रेड-बटर. आणि काल? कालही तेच. त्यांनी शांतपणे उरलेली दोन मिनिटं लक्ष्मीनगरची माझी खोली, घरमालकीण आणि बंद पडलेला स्टोव्ह यांची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मेथीची भाजी आणि सहा पोळ्यांचा डबा होता. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पाठवलेला. पुढे जवळजवळ दोन वर्षं तो डबा येत राहिला आणि मी तो हक्काने खात राहिलो.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती आणि तिच्यापायी कंपन्यांची माणसं मेटाकुटीला यायची. दोन कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडायची असली की ते दोघांच्या इंजिनिअरांना एकाच टेबलाशी बसवायचे आणि याला त्याचं यंत्र चालवायला लावायचे. आपलं यंत्र चालवताना माणूस त्याच्या खोड्या सांभाळून घेतो, परक्याचं चालवताना घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकेकटी तपासली तर दोन्ही यंत्रं सगळ्या परीक्षा पास व्हायची, आणि समोरासमोर आणली की मुकी. मग दोघे आपापल्या पुस्तकाचं पान उघडून भांडायचे. पंचसाहेब ऐकून घ्यायचे आणि मला मराठीत म्हणायचे, "दोघंही पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात ना, तिथंच खरा घोळ असतो. पुस्तकात जे लिहायचं राहिलं, ते प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवलेलं असतं."

माणूस तसा उदासच. संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या रणभूमीवर जायची. तिथे सगळे छाती फुगवून लढाईच्या गोष्टी सांगत असताना हे एका कडेला उभे राहून म्हणायचे, रसद मागणारी पत्रं वेळेवर पोचली असती तर एवढी माणसं उपाशी लढली नसती. मंडळाने दोन वर्षं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या वर्षी त्यांना बसची वेळ कळवलीच नाही. हे त्यांनी मला हसत सांगितलं, पण त्यांना लागलं होतं.

चाचणीच्या कागदावर ते तीनच शेरे चालू देत. पास, नापास आणि 'केली नाही'. हा तिसरा शेरा लिहायला आम्हा नव्या पोरांना लाज वाटायची. कामचुकार दिसू अशी भीती. साहेब म्हणायचे, नापास बघून कंपनीला काम लागतं आणि 'केली नाही' बघून मला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सही करण्याआधी मात्र ते प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "पलीकडे कोण होतं?" नाव सांगितलं की पुढची ओळ. माझ्या शब्दापलीकडे त्यांनी कधी काही तपासलं नाही.

गुडगावकडच्या एका नव्या वसाहतीचं खासगी एक्स्चेंज जुन्या सरकारी एक्स्चेंजला जोडायचं होतं. जूनचा महिना, आमच्या खोलीतला एसी बंद. वसाहतीत लोक राहायला आले होते आणि उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. वरून रोज फोन यायचे. कँटीनमध्ये लोक म्हणायचे, पंच साहब देश को रोके बैठे हैं. यादीतल्या सगळ्या चाचण्या झाल्या, शेवटची एक उरली. नव्या एक्स्चेंजवरून अँब्युलन्सचा तीन आकडी नंबर फिरवायचा आणि जुन्या एक्स्चेंजमधून कोणी उचलतं का ते पाहायचं. जुन्या एक्स्चेंजमध्ये आमचे तिवारीजी बसायचे. ते त्या दिवशी मुलीला ताप म्हणून लवकर घरी गेले होते. चाचणी सोमवारवर जाणार होती. कंपनीचा इंजिनिअर कपूर म्हणाला, "यार, बाकी सारे कॉल उसी रास्ते से गए हैं. ये भी जाएगा." तो असंही म्हणाला की आमच्याकडे ये, तिप्पट पगार आहे.

त्याने मला लाच दिली नव्हती. दिली असती तर निदान मला स्वतःला सांगायला काही कारण झालं असतं. मला फक्त त्याच्यासमोर अडेलतट्टू दिसायचं नव्हतं. मी 'पास' लिहिलं. साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पलीकडे कोण होतं ते विचारलं. मी म्हटलं, तिवारीजी. त्यांनी सही केली.

चूक तशी अगदी बारीक होती. नवं यंत्र तीन आकडे घेऊन पुढचे आकडे येतील म्हणून थांबायचं, कारण त्याच्या देशात नंबर लांब असत. जुनं यंत्र थांबायचं, नव्या यंत्राने आकडे संपल्याचं कळवावं म्हणून. पुस्तकाप्रमाणे दोन्ही बरोबर. थोड्या वेळाने दोन्ही कंटाळून लाइन सोडून द्यायची. फोन करणाऱ्याच्या कानात काहीच वाजायचं नाही. एक कॉल लावला असता तर मिनिटभरात समजलं असतं.

दोन महिन्यांनी त्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर एका निवृत्त शिक्षकांच्या छातीत दुखू लागलं. त्यांची बायको अर्धा तास तो तीन आकडी नंबर फिरवत होती. शेवटी शेजाऱ्याने गाडी काढली, पण वाटेतच ते गेले. त्यांच्या मुलीने तक्रार केली आणि चौकशी समिती बसली.

साहेबांनी आधी दोन दिवस एक्स्चेंजमध्ये बसून दोष काढून घेतला. मग मला स्कूटरवर मागे बसवून ते त्या बाईंकडे गेले. माताजी, तुमचा फोन आम्हीच तपासला होता आणि नीट तपासला नाही, असं त्यांनी हिंदीत सरळ सांगितलं. मला वाटलं बाई आता ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "अब लगता है?" साहेबांनी तो नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडून माणूस बोलला, ते मलाही ऐकू आलं. बाई रिसीव्हर कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. परत येताना साहेबांच्या पाठीमागे बसून मी दहादा तोंड उघडलं आणि दहादा मिटलं.

समितीने यंत्राची छापील नोंद मागवली. त्या दिवशी तो कॉल लावलाच गेला नव्हता, हे तीत स्वच्छ दिसत होतं. कागदावर 'पास' होतं, अक्षर माझं आणि सही साहेबांची. अध्यक्षांनी विचारलं, हे कोणी लिहायला सांगितलं? मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. पंचसाहेब म्हणाले, "मैंने कहा था. टाइम नहीं था." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ज्या माणसाने जन्मात खोटा शेरा चालू दिला नाही, तो माझ्यासाठी चार माणसांसमोर खोटं बोलला, आणि मी ते बोलू दिलं.

त्यांची बढती गेली. मोडक्या यंत्रांच्या विल्हेवाटीच्या फायली बघायला त्यांना तळघरातल्या एका खोलीत बसवलं. आठवडाभराने धीर करून मी तिथे गेलो. दार लावून "सर, त्या दिवशी" एवढंच म्हणालो, तर त्यांनी हात वर केला.

"सांगू नकोस, सावंत. सांगितलंस तर मला लिहावं लागेल."

मी सांगितलं नाही. तेव्हा वाटलं, मी त्यांचं ऐकतोय. आज कळतं की मला सुटका हवी होती आणि ती त्यांनी दिली. डबा त्याच महिन्यात बंद झाला होता. वर्षभरात मी कपूरच्या कंपनीत गेलो.

साहेब निवृत्त होऊन गाझियाबादला एका लहान फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी दोनदा भेटलो. दोन्ही वेळा ते क्रिकेटबद्दल बोलले, जेवलास का ते काही विचारलं नाही. मग ते गेल्याचं तिवारीजींनी कळवलं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

काकू मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटून म्हणाल्या, "यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं रे, की घाई मी केली आणि तो माणूस गेला. तुझी नोकरी जाता जाता राहिली यांच्यापायी. तुला तोंड दाखवायची मला लाज वाटायला लागली, म्हणून डबा पाठवायचा थांबवला. आणि यांच्याशी मी पुढे कधी पूर्वीसारखी बोलले नाही. एका घरात राहून सात वर्षं." त्यांनी डोळे पुसले. "तू तरी मनात ठेवू नकोस."

सांगायची तीच वेळ होती. मला अडवणारं आता कोणी नव्हतं.

"नाही काकू, माझ्या मनात काही नाही," मी म्हणालो, आणि चप्पल घालून खाली आलो.

काकू अजून त्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. माझ्या घरापासून गाडीने तासभर लागतो. मी त्यानंतर गेलेलो नाही.