काकूंचा बल्दा

चारमिनार कधी समोर उभं राहून पाहू नये, असं आमच्या काकूंचं ठाम मत होतं. समोर उभा राहून, मान मागे टाकून, आ वासून पाहणारा माणूस खेड्यातला आहे हे सगळ्या बाजाराला कळतं आणि मग त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. त्यापेक्षा लाड बाजारात शिरावं, बांगडीच्या दुकानात बसावं, हात पुढे करावा आणि दुकानदार बांगड्या चढवत असताना त्याच्या पाठीमागच्या आरशात पाहावं. "चारी मिनार येतात त्यात. आपल्या हातासकट," असं त्या म्हणायच्या. हे सगळं त्या सांगत नांदूरघाटला, आमच्या ओसरीवर, दुपारी ज्वारी निवडता निवडता. आणि ऐकणाऱ्या आम्ही बायका अशा, की केजच्या बाजारापलीकडे जग असतं हे ऐकूनच माहीत.

काकू म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी जाऊ. आमचं लिंगायत वाण्याचं घर, गावात किराण्याचं दुकान. निजामाच्या राज्यात हैदराबादला कुणी हैदराबाद म्हणत नसे, बल्दा म्हणत. काकू जन्मल्या आणि वाढल्या त्या बल्द्यात. त्यांच्या वडिलांचं तिथं विभूती, कापूर, उदबत्तीचं दुकान होतं. एवढ्या मोठ्या शहरातली मुलगी नांदूरघाटला कशी दिली हे कोडं मला कधी सुटलं नाही. त्या आल्या आणि शहर बरोबर घेऊन आल्या. 'हो' म्हणायचं तिथं 'हौ' म्हणत, 'नको' म्हणायचं तिथं 'नक्को'. सासूबाई त्यांना बेगमसाहेब म्हणायच्या. "उठा बेगमसायब, चूल पेटवा," असं रोज सकाळी ऐकू येई आणि काकू "हौ अक्का" म्हणत हसत उठायच्या.

शहर पाहायची काकूंची एक रीत होती. सकाळी पाणी पाहायचं, दुपारी दगड आणि संध्याकाळी बाजार. पाणी म्हणजे हुसेनसागर. त्याच्या बांधावर गेलं की आधी डोळे मिटून उभं राहायचं. वारा अंगावर घ्यायचा, तो ओला लागला की मग डोळे उघडायचे. दगड म्हणजे मक्का मशीद. बाहेरूनच भिंतीला तळहात लावायचा आणि भर उन्हाळ्यातही तो दगड थंड कसा राहतो याचं नवल करायचं. वाट विचारायची झाली तर बसलेल्या माणसाला विचारायची, चालणाऱ्याला नाही. चालणारा आपल्याच वाटेचं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. त्या सांगू लागल्या की माझ्या सुपातले खडे तसेच राहायचे. रात्रीच्या भाकरीत दाताखाली कचकन खडा आला की आमचे हे मान वर न करता विचारायचे, "आज कुठं गेलता? हुसेनसागर का चारमिनार?"

गोवळकोंड्याला एकट्याने जाऊ नये, असंही त्या सांगत. तिथल्या दरवाजात टाळी वाजवली की ती पार वर गडाच्या माथ्यावर ऐकू येते. आता खाली वाजवणारा तोच आणि वर ऐकणारा तोच, असं कसं चालेल? एकदा आम्ही बारवेवर पाण्याला गेलो असताना त्यांना ते दाखवून द्यायची लहर आली. मला वर काठावर उभं केलं आणि स्वतः दोघीतिघींना घेऊन पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेल्या. खालून टाळी वाजली आणि बारवेच्या भिंतींतून फिरत अशी काही वर आली की मी खरोखरच दचकले. तेवढ्यात मागून सासूबाई. "पाणी आणाया धाडलं का टाळ्या पिटाया?" असं म्हणत त्या तरातरा खाली उतरल्या. आता काकूंची धडगत नाही असं मला वाटलं. आणि खालून एक दणदणीत टाळी आली. सासूबाईंच्या हाताची होती, मला लगेच ओळखू आली.

काकूंचं शहर संपायचं ते त्यांच्या माहेरी. बाजार पाहून झाला, पाय दुखायला लागले, की नदीवरचा पूल ओलांडायचा. पूल उतरलं की डाव्या हाताची पहिली गल्ली. तिच्यात चिंचेच्या पलीकडे उंच उंबऱ्याचं घर. "उंबऱ्याला ठेचकाळता बरं का, सगळेच ठेचकाळतात. आत उजव्या अंगाला हीर हाय. पाय धुवायचे, ओसरीवर टेकायचं. आई ताक देती. जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाई." हे ऐकताना मला खरंच ताकाचा वास यायचा. मी नवी होते. मला वाटे, एवढं माहेर आहे तर काकू कधी जात कशा नाहीत?

त्याचा उलगडा झाला तो युसूफ वडगावच्या एका देशमुखांमुळे. ते कामासाठी बल्द्याला निघाले होते, म्हणून काकूंनी त्यांना सगळ्या खाणाखुणा सांगितल्या होत्या. परत आल्यावर ते दुकानात बसले आणि आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "वैनी, तुमच्या सांगण्यावर गेलतो. चारमिनार बरोबर, तळं बरोबर. पण पुलापलीकडं गल्लीच न्हाई हो. नुसती बाग हाय." काकू दाराआड होत्या. त्या म्हणाल्या, "नीट पाहिलं न्हाई तुमी." आणि आत निघून गेल्या. सासूबाईंनी देशमुखांपुढे चहा आणून असा आदळला की अर्धा बशीत सांडला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला परसात बोलावून सगळं सांगितलं. काकू लग्न होऊन आल्या त्यानंतर काही वर्षांनी मुसी नदीला मोठा पूर आला. अख्ख्या वस्त्या वाहून गेल्या. त्यात ती गल्ली गेली, घर गेलं आणि घरातलं एकही माणूस हाती लागलं नाही. बातमी आली ती महिन्याने, एका व्यापाऱ्याच्या तोंडून. आपल्याकडे माहेरचं कुणी वारलं की लेक रडायला जाते. वेशीपासूनच हंबरडा फोडत जाते, भावजया गळ्यात पडतात आणि मग कुठे ते मरण खरं होतं. काकूंनी जायचं कुणाकडे? घरातले पुरुष म्हणाले, आता तिथं काय आहे? ते खोटं नव्हतं. "तवापासून रडली न्हाई ती," सासूबाई म्हणाल्या. "कुणापशी रडंल? म्हणून आई अजून ताक देती."

मग दुसऱ्या दिवसापासून काकू पुलाकडे वळल्या की मी सूप उचलून आत जायला बघायचे. आणि तरी ते घर ऐकायला मला आवडायचं, हेही खरं.

पुढे सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. माणूस ओळखायचं ते आवाजावरून, अशी पाळी आली. सोलापूर जवळ, तिथं डॉक्टर चांगला, असं सगळे सांगत होते. सासूबाई हटून बसल्या. "बल्द्यालाच जाईन. आन् ही बेगम संग पायजे. तिला तिथली बोली येती." काकूंनी "हौ" म्हटलं नाही की "नक्को" म्हटलं नाही. नुकतीच परळीपर्यंत रेल्वे आली होती. बैलगाडीने परळीला गेलो, वैजनाथाचं दर्शन घेतलं आणि गाडीत बसलो. सासूबाई, काकू, मी आणि आमचे हे. काकू वाटभर खिडकीशी होत्या.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "डोळ्याचं व्हायचं ते व्हईल. आधी शहर दाव." दिसत तर काही नव्हतं. उजेड कुठं आणि सावली कुठं एवढंच कळायचं. मग काकूंनी आम्हाला अगदी रीतीप्रमाणे शहर दाखवलं. बांधावर आम्ही सगळेच डोळे मिटून उभे राहिलो आणि वारा खरंच ओला लागला. मशिदीच्या दगडाला सासूबाईंनी तळहात लावला आणि बराच वेळ काढला नाही. काकू टांगेवाल्याशी दख्खनीत फडाफडा बोलत होत्या. मधेच एखादा रस्ता त्यांच्या ओळखीचा निघायचा नाही. तिथं सासूबाई विचारायच्या, "हितं काय हाय गं?" आणि काकू जुनंच सांगायच्या. मी डोळ्यांनी नवं शहर पाहत होते आणि कानांनी जुनं. दुपारपर्यंत मला कोणतं खरं ते कळेनासं झालं. बांगडीच्या दुकानात मी हात पुढे केला आणि आरशात पाहिलं. चारी मिनार आले होते. माझ्या हातासकट.

मग पूल. पूल उतरताच काकू म्हणाल्या, "डाव्या हाताला." टांगेवाला म्हातारा होता. तो मागे वळून म्हणाला, "उधर तो दवाखाना है अम्मा, बाग है." काकू पुन्हा म्हणाल्या, "डाव्या हाताला." दिवसभरात त्या पहिल्यांदाच त्याच्याशी मराठीत बोलल्या होत्या.

टांगा थांबला. नदीला दगडी भिंत घातलेली. भिंतीशी हिरवळ, लहान लहान झाडं आणि पलीकडे दवाखान्याचे मोठाले घुमट. वाळूतून पाण्याची एक बारीक धार चालली होती. हिनं एवढं सगळं नेलं हे कुणाला सांगून पटलं नसतं. जुनं म्हणावं असं तिथं फक्त एक चिंचेचं झाड होतं. काकू खाली उतरल्या आणि उभ्या राहिल्या. कुठे पाहावं ते मला कळेना. आमचे हे आपल्या चपलांकडे पाहत होते.

टांग्यातून सासूबाईंनी विचारलं, "आलं का गं तुझं घर?"

काकू चिंचेकडेच पाहत राहिल्या. मी सासूबाईंचा हात धरून त्यांना उतरवलं. त्यांनी माझा हात सोडला आणि चाचपडत काकूंचा धरला. "आंधळ्या माणसाला उन्हात कशापायी उभी करतीस? उंबरा कुठं हाय सांग, न्हाईतर ठेचकाळून पडंन मी."

मग काकू त्यांना घेऊन चिंचेपलीकडे चार पावलं गेल्या आणि थांबल्या. "हितं हाय, अक्का. पाय उचला. उंच हाय उंबरा."

सासूबाईंनी पाय चांगला गुडघ्यापर्यंत उचलला आणि हिरवळीवर टाकला. त्यांच्यामागे मी उचलला. माझ्यामागे आमच्या ह्यांनी, पायातल्या चपला बाहेर काढून.

मग काकूंनी घर दाखवलं. ही ओसरी, इथं अप्पा बसतात. ही भिंतीतली देवळी. ही विहीर, पाय धुवा. आम्ही तांब्यातलं पाणी पायांवर घेतलं आणि बसलो. काकूंनी दशम्यांचं गाठोडं सोडायला घेतलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "माहेरी लेकीनं वाढायचं नसतं. तू बस." मी वाढलं. दशमी आणि शेंगांची चटणी. उतरतं ऊन चिंचेतून गळत होतं आणि मला त्या वेळी, खोटं कशाला सांगू, ती ओसरी दिसत होती.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी आपली पिशवी उघडली. खण, नारळ, तांदूळ, कुंकवाची डबी. सामान मीच बांधलं होतं, यातलं काही मी ठेवलेलं नव्हतं. त्यांनी बोटांनी काकूंचं कपाळ शोधलं आणि कुंकू लावलं. ते थोडं वाकडं लागलं. मग काकूंच्या पदरात त्यांनी ओटी भरली, माहेराहून निघणाऱ्या लेकीची भरतात तशी.

"आईनं भरली आसती. आज मी भरते," त्या म्हणाल्या. "ऊठ आता. सासरी जायाचंय."

आणि काकूंनी हंबरडा फोडला. ओटी पोटाशी धरून, जमिनीवर कपाळ टेकून, आईला, अप्पांना, भावांना एकेकाचं नाव घेऊन हाका मारत त्या रडल्या. सासूबाईंनी त्यांना गळ्याशी धरलं, भावजय धरते तसं, आणि त्याही मोठ्याने रडल्या. मीही रडले. टांगेवाला घोडा सोडून त्याला पाणी दाखवायला घेऊन गेला.

सासूबाईंचे डोळे चांगले झाले. पट्टी सुटली त्या दिवशी मी त्यांना दवाखान्याच्या सज्जात आणलं. तिथून चिंच समोरच दिसत होती. मी म्हटलं, "आत्याबाई, ती बघा, तिथंच आपण..." त्यांनी चटकन पाठ फिरवली. "म्या पाहिलंय तिचं घर. आता आनिक काय बघायचं?"

गावी परतलो तशा साऱ्या आळीच्या बाया जमल्या. देशमुखांचं बोलणं सगळ्यांच्या कानावर होतंच. काकूंना कुणी विचारायला धजेना. शेवटी एकीने सासूबाईंनाच विचारलं, "मग, हाय का घर?"

"हाय तर!" सासूबाई म्हणाल्या. "जेवून आले की मी. उंबरा लई उंच. ओसरी ही अशी थोरली. आत गेलं की डाव्या अंगाला हीर..."

काकू खांबाला टेकून बसल्या होत्या. बल्द्याची एक पायरी कुणी इकडची तिकडे सांगितली तर खपवून न घेणारी ती बाई. विहीर उजव्या अंगाला आहे, हे मलासुद्धा ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या आणि त्यांनी चूक काढली नाही.