हवालदारांची चाकं

मूर्तिजापुराहून कापूस भरून आलेला गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "तुमचे सुतार हवालदार गेले, भाऊ." मी हल्ली अकोल्याला असतो.

गणपत हवालदार अमरावतीतले आमचे जुने शेजारी. उमेदीची वर्षं पलटणीत घालवून, मांडीत गोळी घेऊन ते परतले आणि वडिलांची सुतारकी हाती घेतली. तेव्हा अमेरिकेतल्या लढाईपायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याला त्याला गाडी हवी होती, आणि चाक हवं होतं ते हवालदारांचं. चाकावर लोखंडी धाव चढवायची ती लाल तापवून. बसल्याबरोबर पाणी ओतलं नाही तर लाकूड जळतं. ते पाणी ओतायला हवालदार भिवाला बोलवत. भिवा महार, त्यांच्याच पलटणीतला. रणात ते पडले तेव्हा त्यानंच त्यांना पाणी पाजलं होतं.

ऐन हंगामात जातीचे पंच दारात आले. भिवाला दूर करा, नाहीतर तुमच्या चाकाला विटाळ आहे असं गावभर सांगू, पंगतही बंद.

"पानीच तं ओतायचं हाय, गणपत," एक म्हातारे पंच म्हणाले. "दुसरा कोनी ओतन."

"त्या दिवशी दुसरा कोनी आला नाई, काका. आता काहून बोलावू?"

"पोराचं लगन कसं करसान?"

"करू. पानी वाढाले मानूस हाये आपल्यापाशी."

पंच उठून गेले. पोराची ठरलेली सोयरीक मोडली. शहर कापसानं ओसंडत होतं आणि हवालदारांच्या अंगणात नवी चाकं गिऱ्हाइकाविना उभी होती. अकोल्याच्या वाटेवर चाक मोडलेले परगावचे गाडीवान तेवढे येत. त्यांच्या दुरुस्तीवर घर चाले, कधी चालतही नसे. माणसं सारखी आहेत असं सांगणाऱ्या छापील चोपड्या मी ढिगानं वाचल्या आहेत. त्यासाठी चूल थंड ठेवणारा माणूस मात्र हाच एक पाहिला. तोंडून कधी बढाई नाही. सकाळी गोवऱ्या पेटवून हाक तेवढी, "चाल ना बे, इस्तो इझून राह्यला." भिवा सलाम ठोकून म्हणे, "हुकूम, हवालदारसाहेब." दोघंही हसत.

तेराव्यानंतर पंच मुलाकडे, रामजीकडे आले. "बाप गेला, त्याचा हट बी गेला. भिवाले येऊ नको म्हन, आमी तुले जातीत घेतो. लगन बी जमवतो." रामजी काय करतो याची सारा मोहल्ला वाट पाहत होता.

परवा मी अमरावतीला त्या अंगणात गेलो. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल झाली होती. रामजीनं ती चिमट्यानं उचलून चाकावर टाकली. लाकडातून धूर उठला, आणि मान न वळवता तो म्हणाला,

"भिवाकाका, पानी."