फूलगल्लीतला ‘ळ’

फुहाऱ्याच्या कारंज्यामागच्या जुन्या बाजारातील फूलगल्ली आपण वसवली, असे माझे एक जुने सहकारी हल्ली सांगत फिरतात. गेल्या महिन्यात गल्लीच्या नूतनीकरणाचा समारंभ झाला. त्यात त्यांना शाल मिळाली. पाठोपाठ आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिकात त्यांचा लेख आला. तो मी चारदा वाचला. चारही वेळा त्यात मी नव्हतो.

म्हणून खरे काय घडले ते लिहितो.

आम्ही दोघे नगर नियोजनाच्या कचेरीत नक्शानवीस, म्हणजे नकाशे काढणारे, होतो. टेबलाला टेबल लागून. जुन्या बाजारात कोणत्या गल्लीत कोणता व्यापार चालेल आणि कुठे राहायला परवानगी असेल, हे नकाशावर रंगांनी दाखवायचे ठरले, तेव्हा वही घेऊन त्या गल्लीत उन्हातून फिरलो तो मी. त्यांना ऊन बाधत असे. खाली दुकान आणि वर कुटुंब, अशी अकरा घरे मला तिथे आढळली. दुकानांच्या फळ्या लागल्या तरी वरच्या खिडक्यांमुळे गल्ली जागी राहायची. हे राहणे टिकले तरच बाजार टिकेल, असे माझे मत झाले, आजही आहे. त्या अकरा घरांवर मी पेन्सिलने एकेकच शब्द लिहिला: ‘माळा’. दुकानावरच्या मजल्याला आमच्या घरात दुसरा शब्द नाही.

शहर हिंदी मुलखातले, त्यामुळे कचेरीचे सारे काम हिंदीत चाले. पक्की प्रत करताना आमचा ‘ळ’ सवयीने ‘ल’ होई. माझ्या नकाशाची पक्की प्रत या सहकाऱ्यांनी केली आणि ‘माळा’चे ‘माला’ झाले. मी त्या दिवशी रजेवर होतो. पुढचे त्यांनीच मला हसत सांगितले आहे. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारले, “यहाँ मालाएँ बिकती हैं?”

सहकारी म्हणाले, “जी.”

त्या एका ‘जी’वर गल्ली फुलवाल्यांसाठी राखली गेली. देवळाच्या वाटेवर टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांना तिथे दगडी ओटे मिळाले, गाड्या बंद झाल्या, आणि मरायला टेकलेला बाजार खरोखर उठून उभा राहिला. मंजूर नकाशा माझ्या टेबलावर आला, तेव्हा मी तो वाचला, त्याची घडी केली आणि कपाटात ठेवला. माझ्या नकाशात कधी चूक निघत नाही, अशी माझी कचेरीभर ख्याती होती.

समारंभानंतर मी त्यांना चहापाशी गाठले.

“गल्ली माझ्या शब्दावर वसली आहे,” मी म्हणालो.

“अच्छा? मग तेव्हा काहून नाही बोलला, भाऊ?”

“शब्द तू बिघडवलास.”

“तू माळा लिहिलं, मी माला केलं. फुलं तर माझ्या ‘ल’नंच आणली ना? तुझा ‘ळ’ ठेवला असता तर लोकं शिडी शोधत बसले असते.” त्यांनी शालीचे टोक सारखे केले. “घे, भजी घे. गरम आहेत.”

भजी मी घेतली नाहीत.

घरी पत्नी म्हणाली, “अहो, त्यांच्या शालीवर तुम्ही काहून जळून राहिले? तुमच्याजवळ तीन शाली आहेत.”

“तिन्ही विकतच्या आहेत,” मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो. ओट्यांवर झेंडू, शेवंती, गुलाब. पाऊल ठेवायला जागा नव्हती. त्या माणसाला शाल देणाऱ्यांना दोष देता येईना, याचा मला फार राग आला. मग मी वर पाहिले. खिडक्यांना बाहेरून पट्ट्या ठोकल्या होत्या. एकाही कठड्यावर वाळत घातलेला कपडा नव्हता.

पत्नीसाठी गजरा घेताना मी फुलवालीला विचारले, “ऊपर कौन रहता है?”

“कोई नहीं, बाबूजी. गोदाम हैं सब. नक्शे में रहना मना है ना.”

नकाशात राहणे मना होते, कारण नकाशात माळे नव्हते. ते मी घडी करून कपाटात ठेवले होते.

‘ळ’चा ‘ल’ त्यांनी केला, हे मी मरेपर्यंत म्हणेन. परंतु तो पाहूनही, आपल्या कच्च्या नकाशाकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून, जो गप्प बसला तो मी. अकरा घरे त्यामुळे रिकामी झाली. ही चूक निर्विवाद माझी आहे. पुढच्या वार्षिकात तिच्यावर तरी त्यांनी हक्क सांगू नये.