आमच्या साचेखात्यातला मान

साचेखात्यात कापसाची धूळ नाकात, कानात, भुवयांत बसते. अंघोळ केली तरी थोडी उरतेच. किस्स्यांचंही तसंच! परळच्या मिलमध्ये मी साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचो तेव्हाचे किती किस्से डोक्यात बसलेत, त्याला सुमार नाही. आज मानापानाचे सांगतो. शेवटचा सांगताना मात्र मी खुर्चीत बसत नाही, आधीच सांगून ठेवतो. तो आठवला की मी उठून गॅलरीत फेऱ्या मारतो. बायको वैतागते.

*

खात्यात आवाज एवढा की शेजाऱ्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, फेरीला निघाला की प्रत्येक जण हात जोडायचा आणि हसत हसत पुटपुटायचा, "आलास काय मेल्या पुन्हा!" जॉबरही खूश! सगळ्यांना सांगायचा, "माझ्या खात्यात मला मान आहे."

एकदा मी असेच हात जोडले. त्यानंही जोडले, गोड हसला, आणि ओठ हलवले, "आलो रे मेल्या, तुझ्याच छातीवर बसायला!"

वीस वर्षं तोही साचेवालाच होता ना! आमच्या लक्षातच नव्हतं.

*

तात्या खात्यातले सगळ्यांत जुने विणकर, मूळचे मालवणचे. चहाचा पहिला कप त्यांचा. एकदा एका नव्या बदलीवाल्यानं तो उचलला. तात्यांनी आठ दिवस चहा सोडला! सगळं खातं हवालदिल. शेवटी आम्ही त्या पोराला घेऊन माफी मागायला गेलो.

तात्या भडकले. "मान कोणाक व्हयो रे? पयलो कप गरम असता!"

*

सखाराम आमच्या मिलमध्ये तरासन खात्यात, म्हणजे सूत काततात तिथे. सगळे त्याला सख्या म्हणायचे, मीसुद्धा. त्याच्या चाळीनं बौद्ध धम्म घेतला आणि सोमवारी हा कामावर येऊन म्हणाला, "आजपासून सखाराम म्हणायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मला ऐकायला येणार नाही."

खरंच येईना! त्याचा जॉबर हाका मारून थकला. एका संध्याकाळी मुद्दाम ओरडला, "सख्या, सुट्टी झाली, घरी जा!" हा जागचा हलला नाही. खातं रिकामं झालं तरी काम चालूच! अखेर जॉबर दात-ओठ खात म्हणाला, "सखाराम, जा रे बाबा."

"जातो," सखाराम म्हणाला.

*

आता माझा स्वतःचा किस्सा. ह्यात मी चांगला दिसत नाही.

सखारामला साचा चालवायचा होता. जेवणाच्या सुट्टीत आमच्या मागे उभा राहून सगळं शिकला होता, हात सुरेख. पण आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली की धागा भोकातून तोंडानं ओढायचा, आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीचाही माणूस तोंडाला लावणार. म्हणून त्याच्या लोकांना साचेखात्यात घेत नसत. लिहिलेलं कुठेच नव्हतं. सगळ्यांना पाठ होतं.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबागला मोर्चात आम्ही हातात हात घालून ओरडत होतो. अश्रुधूर सुटला, मला काही दिसेना. सखारामनं मला कॉलर धरून गल्लीत ओढलं, तोंडाला लावलेला स्वतःचा ओला रुमाल काढला आणि माझ्या तोंडावर दाबला. मी त्यातून श्वास घेतला. तेव्हा विटाळ कुठे गेला होता कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी आमच्या जॉबरनं विचारलं, "सखारामला साच्यावर घेतो. कोणाची हरकत?"

तात्या म्हणाले, "माझी आसा."

मी? मी तुटलेला धागा शोधत बसलो. धागा तुटलेला नव्हता.

*

आणि आता तो.

शिमगा आला. अर्धं खातं कोकणात गेलं, साचे ओस पडले. जॉबरनं कोणाला न विचारता सखारामला उभं केलं, तेही तात्यांच्या शेजारी. तात्या पाठ फिरवून काम करत राहिले. सखारामचं कापड बघण्यासारखं उतरत होतं. तात्या चोरून बघत होते, ते मी बघत होतो.

सखारामची कांडी संपली. एकेक करून आम्ही सगळ्यांनी आपापले साचे थांबवले. आता हा तोंड लावणार! त्यानं खिशातून बारीक वाकवलेली तार काढली, भोकात घातली आणि धागा ओढला.

तात्यांना राहवेना. तरातरा गेले, धोटा हिसकावला, धागा मागे खेचला, तोंड लावून सप्पकन ओढला आणि धोटा त्याच्यापुढे धरला.

"साचेवालो असो भरता! धर. हेच्यापुढे तूय तोंड लाव. माका चालता!"

अहो, तात्यांच्या तोंडून हे! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता हा पाया पडणार, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

सखारामनं हात जोडले. "तात्या, तुमचा मान ठेवतो. पण उष्टं आम्ही सोडलंय. कोणाचंच घेत नाही."

जॉबर धावत आला, "साचे का बंद? काय चाललंय?"

तात्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातला धोटा धोतराला पुसला, परत पुसला. मग सखारामपुढे हात केला.

"ती तार बघू."