बिनवासाची बाटली

धाकटीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचच्या ठोक्याला इस्पितळाच्या धुलाईघरातलं पहिलं मशीन चादरींनी भरलेलं हवं, हा तिचा नियम. बावीस वर्षांत तो दोनदाच मोडला.

मग धाकटीच्या अंगावर फोड उठले: आधी तोंडात, मग पाठीवर, हातांवर. मुकादम म्हणाला, "सोड्यानं झालंय." हातमोजे घातले. फोड वाढतच गेले. मग बायका कुजबुजू लागल्या, लागणीचं असेल. तिच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी येईना. चादरीची घडी एकटीनं होत नाही. म्हणजे नोकरी गेल्यातच जमा.

थोरली जाऊ तिथेच कामाला. तिनं टोक धरलं. "तुझ्या थोरल्या दिराबरोबर तीस वर्षं काढलीत मी. आता मला कसली बाधा होणार?"

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीरातल्याच अँटिबॉडी कातडीवर उलटल्यात असं वाटतं. कातडीचा छोटा तुकडा काढून तपासू. त्यात त्या सापडल्या तर निदान पक्कं. मग लागणीचा प्रश्नच नाही."

तुकडा मात्र फोडाचा नको, फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचा. धाकटीला पटलं. डागानं कापड किती खाल्लं ते कडेलाच कळतं. बाईंनी बाटली दाखवली. "यातच ठेवायचा. नेहमीच्या उग्र वासाच्या फॉर्मॅलिनमध्ये पडला तर अँटिबॉडींची खूण पुसते." धाकटीनं सवयीनं हुंगून पाहिलं. वास नव्हता.

तुकडा निघाला. बाई टाका घालत होत्या. परिचारिकेनं हाताला आली ती बाटली उघडली, आणि धाकटीच्या नाकात झिणझिण्या आल्या.

"थांबा! ही ती नव्हे."

परिचारिकेनं बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि जीभ चावली. "काय नाक आहे, मावशी!"

"बावीस वर्षं तुमचेच कपडे हुंगतेय."

अहवाल आला. सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्यातल्या पेशींभोवती अँटिबॉडी जाळीसारख्या चकाकत होत्या. रक्तातही त्याच. 'हा आजार पसरत नाही' असं बाईंनी लिहून दिलं. मुकादमानं तो कागद धुलाईघराच्या भिंतीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी चादरीचं दुसरं टोक धरायला कुजबुजणाऱ्यांतल्याच दोघी हजर.

गोळ्या चालू झाल्या. रक्तातल्या अँटिबॉडी हळूहळू उतरल्या, फोड सुकले. तोवरचे आठ महिने धाकटीच्या अंथरुणातल्या, रात्री पाठीला चिकटलेल्या चादरी थोरलीनं रोज आपल्या घरी नेऊन हातानं धुतल्या. आभार मानले असते तर तिनं शिव्याच घातल्या असत्या.

म्हणून धाकटीनं तोंडानं काही म्हटलं नाही. निवृत्त होईपर्यंत जादा पाळ्या केल्या, त्या पैशातून कपडे धुण्याचं मशीन घेतलं, आणि ते थोरलीच्या न्हाणीघरात बसवलं.