दसऱ्याची डिस्क

काटकसर हा गुण आहे असं मला लहानपणापासून शिकवलं गेलं, आणि त्याच गुणापायी माझ्या हातून एका बाईचा जीव जाणार होता.

लोणावळ्याच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात मी संगणकाचं काम बघते. कुणाला काय आजार, कुठलं ऑपरेशन झालं, कुठलं औषध सोसत नाही, ही सगळी माहिती एका सर्व्हरवर असते. रोज पहाटे तिची नक्कल, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर आपोआप लिहिली जाते. ती दुसरी डिस्क भरत आली तेव्हा मी नवी मागितली. व्यवस्थापक म्हणाले, "आहे त्यात भागवा की, ताई." भागवणं माझ्या रक्तातच आहे. डिस्कच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते, जागा वाचवण्यासाठी ड्राइव्ह कॉम्प्रेस करायची, म्हणजे डिस्कवरची माहिती दाबून बसवायची. तिच्यात मी बरोबरची खूण केली. रात्रभर डिस्क घरघरली आणि सकाळी बघते तर डिस्क भरत आल्यानं लाल झालेली पट्टी निळी, बरीच जागा मोकळी. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. मीही ते मान डोलावून ऐकून घेतलं.

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतली एक मुलगी होती. तिनं फोनवर बजावलं होतं, "मॅडम, बॅकअप कॉम्प्रेस केलेल्या ड्राइव्हवर ठेवू नका. फाइल मोठी झाली की तिचे इतके तुकडे पडतात की ड्राइव्ह मध्येच हात टेकते." मला राग आला. कालची पोर, मला शिकवते! "बघते," म्हटलं आणि बघितलं काहीच नाही. रोज सकाळी फोल्डर उघडायचं, त्या दिवसाच्या तारखेची फाइल दिसली की चहाला जायचं. ती पूर्ण लिहिली गेली आहे का, हे तपासायचा मला कंटाळा होता.

त्याच भरात मी आणखी एक शहाणपणा केला. जुन्या कागदी फायली स्कॅन करून रद्दीत घातल्या, आणि केसपेपरच्या खिडकीवर पाटी लावली: "जुने कागद आणण्याची गरज नाही. आपली सर्व माहिती संगणकात सुरक्षित आहे." माझ्याच अक्षरात, लॅमिनेट करून.

तो शनिवार होता. सकाळी वीज दोनदा गेली-आली आणि सर्व्हरची मुख्य डिस्क बंद पडली. मी फारशी घाबरले नाही. बॅकअप होता, कपाटात एक कोरी डिस्कही होती. ती बसवत होते तेवढ्यात भाजे गावच्या एका मावशींना रिक्षातून आणलं. सत्तरीच्या, शेतात राबलेल्या. हर्निया अडकला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. सर्जन म्हणाले, दोन-तीन तासांत ऑपरेशन नाही झालं तर आतडं काळं पडेल. पुण्याला न्यावं तर शनिवारची गर्दी, हायवेवर गाड्या जागच्या हलत नव्हत्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तडक माझ्या खोलीत आल्या. "ह्यांचं दोन वर्षांपूर्वी इथंच ऑपरेशन झालंय. तेव्हा भुलेच्या एका औषधानं श्वास बंद पडला होता, एवढंच सुनेला आठवतंय. औषध कुठलं? तेव्हाचे डॉक्टर सोडून गेलेत, त्यांचा फोन लागत नाही. तेच औषध माझ्या हातून पुन्हा गेलं तर ह्या टेबलावरून उठणार नाहीत. मला ती नोंद काढून द्या."

सून दारातच उभी होती. मी विचारलं, "घरी जाताना दिलेला कागद असेल ना तुमच्याकडे?"

"व्हता की," ती म्हणाली. "पन तुमीच पाटी लावली न्हवं, जुनं कागूद नगं म्हनून? मीच वाचून दावली आत्याबाईस्नी. मंग घातला चुलीत."

मी पडद्याकडे वळले.

त्या पहाटेचा बॅकअप नव्या डिस्कवर उतरवायला लावला. पडद्यावरचे आकडे मुंगीच्या पावलानं चढत होते. डॉक्टरबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या, सून दारात. त्रेसष्ट टक्क्यांवर आकडा थांबला आणि पडद्यावर आलं, फाइल अपूर्ण आहे. त्याच्या आदल्या दिवसाची फाइल लावली. तीही अपूर्ण. आठवड्यापूर्वीची लावली, तिचीही तीच गत. पुण्याच्या पोरीनं सांगितलं होतं तस्संच झालं होतं. महिनोन् महिने मी रोज अर्ध्या फाइलीची तारीख बघून चहा पीत होते.

"अर्धा तास थांबते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग अंदाजानं द्यावं लागेल."

त्या पुण्याच्या मुलीचा नंबर डायरीत होता. डायरीसाठी टेबलाचा खालचा खण खेचला तर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या हाताला लागल्या, आणि त्यांच्याखाली मी पार विसरलेली दसऱ्याची डिस्क.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. एक्सरे मशिनला हार, अँब्युलन्सच्या चाकाखाली लिंबू. सर्व्हर मात्र बंद करता येत नाही आणि त्याच्यावर हळदकुंकू उडवलेलं मला खपत नाही. म्हणून मी दरवर्षी सगळ्या माहितीची एक नक्कल बाहेरून जोडायच्या जुन्या डिस्कवर घेते आणि सर्व्हरच्या जागी तिलाच पाटावर ठेवते. पूजा झाली की ती खणात जाते. जागा कमी पडली तेव्हा ही डिस्क पुसून वापरावी असं दोनदा मनात आलं होतं. पण पुजलेल्या वस्तूवरचं पुसायचं कसं? हात धजला नाही. माझी काटकसर तेवढी तिथंच अडली, आणि तीही शहाणपणानं नव्हे, भीतीनं. कॉम्प्रेस करायची ती चौकट ह्या डिस्कच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

वायर लावली तर दिवा लागेना. खाचेत कुंकू बसलं होतं. फुंकर मारली, पदरानं पुसलं, पुन्हा लावली. दिवा लुकलुकला. आकडे चढू लागले. साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टला मी डोळे मिटून घेतले. "चौसष्ट," मागून डॉक्टरबाई म्हणाल्या.

शंभर झाल्यावर मावशींचं नाव टाकलं. पान उघडलं, आणि त्या औषधाचं नाव तिथं लाल अक्षरात होतं. डॉक्टरबाईंनी ते मोठ्यानं दोनदा वाचलं आणि पळत गेल्या. मी तिथंच बसून ढसाढसा रडले.

ऑपरेशन नीट झालं. सोमवारी मी वॉर्डात गेले. औषधाचं नाव ठळक अक्षरात लिहिलेला कागद बरोबर नेला होता. मावशी उशाला टेकून चहा पीत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुज्या मशिनीनं वाचिवलं गं मला."

खोटं कौतुक ऐकून घ्यायची सवय होती, पण ते काही ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. डिस्कवर जागा नव्हती, ती वाचवायला गेले, नकला अर्ध्याच राहिल्या, पाटी खोटी होती, ती मी काढली. दसऱ्याची डिस्क नसती तर काय झालं असतं, तेही सांगितलं. मग मावशींनी माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या घालून सुनेकडे दिला आणि माझ्याकडे वळल्या.

"जागा न्हवती तर तसं सांगायचं, बाई. आमी त्यो कागूद ठिवला आसता की घरी."