धुक्यातली वाट दाखवणारा

"माका काय इचारतंस? देवाक इचार!" असं म्हणून तो हातातली काठी जमिनीवर आपटायचा आणि तोंड फिरवायचा. गावात कुणी काहीही विचारो, त्याचं हेच उत्तर. तुमच्याही ओळखीत असा एखादा तिरसट म्हातारा असेल. फरक इतकाच, की आमचा म्हातारा गावदेवाचा गुरव होता आणि देवळामागच्या राईत शिरायची वाट त्याच्या पडवीवरून जायची.

मी तेव्हा मालवणात फोटोंचं दुकान चालवीत असे. स्वातंत्र्यानंतरची पहिली पाच-दहा वर्षं असतील. त्या गावच्या मुंबईकरांच्या मनात आलं की देवळाला सिमेंटचा सभामंडप हवा, आणि त्यासाठी राई तोडायला द्यावी. लाकडाचा ठेकेदार होता कोल्हापूरचा. झाडांचे फोटो पाहून मग बोलू, म्हणाला. फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं.

थंडीचे दिवस होते. सकाळी पोचलो तर धुकं असं उतरलेलं, की देवळाचा कळस दिसेना. म्हातारा पडवीत बसला होता. माझ्या खांद्यावरची तिवई आणि हातातली कॅमेऱ्याची पेटी बघून उठला.

"खंय चललंस?"

"राईत. फोटो काढायला."

"ह्या पेटयेत गेलेलां मुंबैक जाता. आणि मुंबैक गेलेलां परत येना नाय," तो म्हणाला आणि काठी आडवी धरून वाटेत उभा राहिला.

माझंही डोकं तापलं. गावचे चार मानकरी जमले, वाद वाढला. शेवटी म्हाताऱ्यानंच ठरवलं, देवाला कौल लावायचा. देव नको म्हणणार याची त्याला इतकी खात्री होती, की ओल्या कळ्या पाषाणाला चिकटवताना तो माझ्याकडे बघून चक्क हसला. मग खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो मालवणचो फोटोवालो आज तुझ्या पायाकडे इलो आसा. तेच्या पेटयेत तुझी राई जावची काय नाय तां तूच सांग. जावची आसात तर उजवी दी, नाय तर डावी दी!"

"होय म्हाराजा!" मानकरी म्हणाले.

आणि उजवी कळी पडली. होकार!

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो देवाच्या अगदी जवळ गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "जागो आसंस मा रे?" पण कौल तो कौल. त्याच्या उभ्या जन्मात त्यानं तो मोडला नव्हता. बाहेर येऊन माझ्यावर खेकसला, "पायातला काढ आणि माझ्या मागसून चल."

राईत हात-दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. पानांवरून टपटप पाणी गळत होतं, तळव्यांना काटे टोचत होते. समोर म्हाताऱ्याची पाठ, तीही मधेच नाहीशी व्हायची. एखादं झाड जरा बरं वाटलं आणि मी तिवई टेकली, की धुक्यातून आवाज यायचा, "हंय नको. फुडे ह्येच्यापरास मोठां झाड आसा!" मी तिवई उचलायचो. थोडं चाललं की पुन्हा तेच. मधे एक व्हाळ लागला, लहानसा ओढा. पाणी बर्फासारखं गार. तसलेच व्हाळ पुढे आणखी लागले. राई एवढी मोठी असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आबा, अजून किती?"

"माका काय इचारतंस?"

अखेर कंटाळून मी जे समोर आलं त्याचे फोटो घेतले. तो शेजारी उभा राहून माझ्या कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या डोळ्यांदेखत चोरी करतो आहे.

फोटो कोल्हापूरला गेले. ठेकेदारानं उलट कळवलं, ही राई म्हणायची की कुंपण? बारकी खोडं, झुडपं आणि धुकं, यासाठी माणसं कशाला पाठवू? मुंबईकरांनी मला आंधळा ठरवलं. ठेकेदार पुन्हा ऐकेना, सभामंडप राहिला. मालवणच्या बाजारात लोक मला "धुक्याचा फोटोवाला" म्हणून चिडवू लागले.

शिमग्याला पुन्हा त्या गावात गेलो. ऊन लख्ख होतं. देवळामागे पाहिलं आणि थबकलो. दोघांच्या कवेत न मावणारी झाडं, आभाळात गेलेली, वाटेला लागून उभी होती. राईच्या कडेकडेनं एकच व्हाळ वळसे घेत गेला होता. म्हाताऱ्यानं मला बाहेरच्या झुडपांतून गोल गोल फिरवलं होतं, आणि तोच व्हाळ पुन्हा पुन्हा ओलांडायला लावला होता!

मी संतापून पडवीत गेलो. "आबा, मला फसवलंत!"

"देवान फोटो काढूक सांगल्यान. मी तुका आडवलंय काय?" तो शांतपणे म्हणाला. "वाट खंयची दाखवची, तां तेका इचारूचां रवलां."

आमचं पुढेही कधी जमलं नाही. बाजाराला मालवणात आला की दुकानाच्या दारात उभा राही, काचेमागची नवरा-नवरींची चित्रं न्याहाळी आणि विचारी, "ही सगळी खंय गेली?" जणू मीच गिळली. एकदा म्हटलं, आबा, बसा, तुमचा एक काढतो. "हात मोडीन," म्हणाला. मला तो आवडत नव्हता, हे इथे स्वच्छ सांगतो. पण एका बाजाराच्या दिवशी तो आला नाही, आणि तापानं गेला असं कळलं, तेव्हा दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

मग गुरवकी त्याच्या मुलाकडे आली. त्यानं मला बोलावणं धाडलं. ठेकेदाराशी त्याचं परस्पर बोलणं झालं होतं; नवे फोटो बघितले की माणसं पाठवतो, असं तो म्हणाला होता. "आता आडवणारो कोण नाय," तो हसत म्हणाला. "चला, सगळी मोठी झाडां दाखवतंय."

दाखवली त्यानं. सगळ्यात मोठ्या झाडासमोर मी तिवई लावली, फडक्यात डोकं घातलं. काचेवर झाड उलटं, स्वच्छ उमटलं होतं. मी डोकं बाहेर काढलं.

"आज जमणार नाही. धुकं नाही."

"धुकां कशाक व्हया?"

"या राईचे फोटो धुक्यातच घ्यायचे असतात," मी काठी आपटल्यासारखं बोललो. "तुझ्या बापानं शिकवलंय मला."

कॅमेऱ्यातलं आपल्याला काय कळतं, म्हणून त्यानं ते खरं मानलं. दर थंडीत बाजाराला येणाऱ्या कुणाच्या तरी तोंडी त्याचा निरोप यायचा, "फोटोवाल्याक सांगा, धुकां पडलां."

मी उलट निरोप धाडायचो, "अजून दाट पडू दे."